भुजंगच्या नावानं

राजनंदिनीचा दुसरा फ्री थ्रो रिंगवर आदळून बाहेर पडला, शिट्टी वाजली आणि जालन्याच्या पोरींनी घरच्या मैदानावर बास्केटबॉलचा बाद फेरीचा सामना एका गुणानं जिंकला.

स्टँडमधली माणसं मैदानात उतरली. पोरींना उचलायचं सोडून त्यांनी आधी कल्याणला खांद्यावर घेतलं. नवख्या माणसाला वाटलं असतं, हाच खेळला. पण सगळ्यांच्या मते सामना खरोखर कल्याणच्या गळ्यानंच जिंकला होता.

कल्याण नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे. ऑफिसात त्याचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही. स्टँडमध्ये मात्र तो शेजारी बसला की लोक कान झाकतात. आज पाहुण्या परभणीच्या संघाची ओळख करून देताना निवेदकानं लग्नातला आहेर वाचावा तशी एकेकीची पूर्ण नावं वाचली. 'राजनंदिनी भुजंग गाडेकर' ऐकलं आणि कल्याणला हवं ते सापडलं. परभणीचा सगळा खेळ या उंच पोरीवर चालतो हे त्याला ठाऊक होतं. आणि बापाच्या नावानं चिडवण्याचं शिक्षण आपल्याकडे पहिलीच्या वर्गातच पूर्ण होतं.

तिच्या हातात बॉल आला की कल्याण ओरडायचा, "भुजंग!" मागून अख्खा स्टँड टाळ्यांवर ठेका धरायचा, "भुजंग! भुजंग!" बाया ओरडल्या, टोपीवाले म्हातारे ओरडले. कुणाला ओरडतोय हे अर्ध्यांना माहीत नव्हतं, पण मजा येत होती. पोरगी दर वेळी मान वळवून बघायची. कल्याणचा मित्र अंगद खुशीत सांगत होता की तिला बराबर लागून राह्यलंय.

शेवटी परभणी दोन गुणांनी मागे असताना तिला दोन फ्री थ्रो मिळाले. समोर अडवायला कुणी नाही, उभं राहून निवांत बॉल टाकायचा, एकेकाला एक गुण. पहिला टाकताना स्टँड कोकलत होता, तरी बॉल अलगद जाळीतून गेला. सगळे चिडीचूप झाले. कल्याणचंही तोंड उघडेना. पोरगी बॉल छातीशी धरून स्टँडकडे बघत राहिली. मग कल्याण बाकावर चढला, त्यानं पुन्हा आरोळी ठोकली आणि सगळा स्टँड उठला. पंचानं खूण केली तेव्हा कुठं तिनं बॉल टाकला. तो चुकला.

गुलाल उधळत, हलगी वाजवत मिरवणूक स्टेशनपर्यंत गेली. घोषणा जालन्याच्या द्यायला हव्या होत्या, पण दुपारभर तोंडात बसलेलं नावच पुन्हा पुन्हा येत होतं. मैदानाच्या फाटकाशी राजनंदिनी उभी होती. मिरवणूक वळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

पाहुण्या संघाला जेवू घालून पाठवायचं ही क्लबची रीत आहे. मिरवणुकीहून परत आल्यावर पेढ्यांचा बॉक्स कल्याणच्या हाती आला आणि तो तोऱ्यातच पंगतीत शिरला. राजनंदिनी टोकाला बसली होती. त्यानं बॉक्स तिच्यापुढे धरला.

"घ्या भुजंगराव, तोंड गोड करा."

तिनं नुसती मान हलवली. परभणीच्या संघाच्या मॅडम, प्रभावतीबाई, उठून मध्ये आल्या.

"तिला गोड चालत न्हाई. सुतक हाय."

"कोणाचं?" कल्याणनं विचारलं.

"ज्यांचं नाव घेऊन राह्यले ना तुम्ही दुपारपासून, त्यांचं."

मॅडमनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. भुजंगराव मोटारसायकलवरून पडून गेले, अजून तेरावं व्हायचंय. पोरीचा एक सामना त्यांनी कधी चुकवला नव्हता, म्हणून आईनंच तिला खेळायला पाठवलं. त्या आईची अवस्था अशी की नवऱ्याचं नाव कानावर पडलं की शुद्ध हरपते. घरात आता ते नाव कुणी घेत नाही. एवढं सांगून मॅडम पंगतीकडे वळल्या. पुढचं सांगायची गरजही नव्हती.

कल्याणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळावर जाऊन त्यानं तोंडाचा गुलाल खसाखसा धुतला. हसनाबादला त्याचे वडील धडधाकट होते, सकाळीच फोनवर सामन्याचं विचारत होते. अंगद म्हणाला, जाऊ दे, खेळात चालतं, तुला काय माहीत होतं. पण आपणच शोधून काढलं, आपणच शिकवलं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांकडूनही ओरडून घेतलं, हे कल्याणच्या मनातून जाईना. अशी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. माफी मागितल्याशिवाय आज झोप लागणार नाही आणि ती पोरगी माफ करणार नाही, या दोन्ही गोष्टी त्याला पक्क्या ठाऊक होत्या.

परभणीची जीप निघायच्या बेतात होती. राजनंदिनी बॅग घेऊन बाहेर उभी होती. कल्याण समोर गेला. त्याला वर बघवेना.

"ताई, माफ करा. मला म्हाईत न्हवतं. म्हाईत असतं तर जीभ छाटली असती, पण ते नाव घेतलं नसतं."

तिनं बॅग खाली ठेवली.

"तुम्ही वळखत होते का त्यांना?"

"न्हाई."

"मला वाटलं, तुम्ही वळखत असाल."

तिनं जीपकडे पाहिलं. मॅडम पोरींची डोकी मोजत होत्या. ती एक पाऊल जवळ आली. तिचे डोळे भरून आले होते आणि मान कल्याणपेक्षाही खाली गेली होती.

"आमच्या मॅडमला सांगू नका, दादा," ती हळूच म्हणाली. "पहिला बॉल जाळीत पडला अन् तुम्ही सगळे एकदम गप झाले, बाबांचं नाव थांबलं. मंग दुसरा मीच पडू दिला न्हाई."