जाड बेस

“अगो तुळसा, तू शिवी घातलंस काय माझो झील थंयच थांबता!” गडग्यापलीकडून शेजारची ईडा कौतुकाने सांगत होती. “म्हणता, खोलयेत गाण्याचो बेस कळना नाय, भितीच्या भायर कळता. तुळसाकाकी तापली की समजाचा, बेस जाड झालो.”

तुळसाच्या हातातलं लुगडं पिळतापिळता राहिलं. आणि ही बया हसत होती! शेजारणीच्या शिव्या म्हणजे जणू तिच्या मुलाच्या, मेल्रॉयच्या, गाणी बनवायच्या सामानातलंच एखादं यंत्र.

मुंगसाने खुराडं साफ केलं त्यातून तिची ही एकच कोंबडी उरली होती. ती खुडूक झाली म्हणून तुळसाने कसालच्या भावाकडून अंडी आणली, एसटीत टोपली मांडीवर घेऊन. मागच्या पडवीत कोंबडी बसवली. गडगडाटाने अंडी नासतात म्हणून टोपलीत लोखंडी खिळा ठेवला. पण आभाळ गडगडलं तर घटकाभर गडगडतं, हा मेला सकाळपासून गडगडायचा. आधी धप्प, मग त्याच्या मागोमाग गुर्र गुर्र गुर्र. ना शब्द, ना सूर, आणि त्या गुरगुरण्याला म्हणे बेस म्हणायचं. तरी कोंबडी बिचारी टिकून होती. काल संध्याकाळी तुळसाने एकेक अंडं कानाला लावून पाहिलं होतं. आतून टकटक सुरू झाली होती. आज-उद्या पिल्लं निघायची.

“मेल्या, कोंबडी उठात माझी, अंडी थंड पडतली!” किती वेळा ओरडून सांगितलं त्याला. त्यावर खिडकीतून उत्तर काय, तर, “काकी, ढोलाच्या अंगावर बेस पडाक नको, नायतर दोन्ही पातळ होतत. तेवढा जमला काय झाला!”

म्हणजे त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरलं नव्हतं. म्हातारी किती मोठ्याने बोंबलते तेवढंच त्याने ऐकलं होतं. तुळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आज सांजेक गोव्याक देवचा आसा ता गाणा,” ईडा म्हणाली. “रातभर नाचतत त्या ट्रान्सच्या पार्टीत वाजतला.”

“वाजांदे. पण आज माझ्या तोंडातसून एक शब्द भायर पडलो तर माझा नाव तुळसा नाय.”

ती पुढच्या खळ्यात सुपात कुळीथ घेऊन बसली. त्याला दिसेल अशी, मुद्दाम.

धप्प. गुर्र गुर्र गुर्र. फडताळातला तांब्या नाचायला लागला. रोज इथेच तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. आज ओठ मिटलेले.

थोड्या वेळाने आवाज वाढला. आता गुरगुरण्याखाली आणखी एक गुरगुरणं आलं, एका म्हशीखाली दुसरी म्हैस रेकावी तसं. कौलांवरची धूळ कुळथात पडली. तुळसाने ती फुंकली आणि पुन्हा खडे निवडायला लागली.

खिडकीत मेल्रॉयचं डोकं दिसलं. तिने त्याच्याकडे पाठ केली. खिडकी लागली, आवाज आणखी चढला.

कर, कर, ती मनात म्हणाली. माझ्या जिभेवर तुझा धंदा चालायचा नाही. तिला भलतंच बरं वाटत होतं. किती दिवसांनी तिचं कोणावर तरी चाललं होतं! पाठीतून, पिंडऱ्यांतून तो बेस चढत होता, दातांपर्यंत येत होता. दुपारची पेजसुद्धा तिने खळ्यातच घेतली आणि पुन्हा सूप ओढलं. आत जाऊन बसली तर मेल्याला वाटायचं, हरली.

उन्हं कलली तेव्हा कोंबडी तिच्यासमोर आली आणि सुपातला कुळीथ टिपायला लागली.

“हुश!” तुळसाने हात उडवला. आणि मग तो हात तसाच राहिला.

सूप टाकून ती पडवीत धावली. टोपलीत हात घातला. सगळी गार. अगदी मधलं अंडंसुद्धा गार. खिळा जिथल्या तिथे होता.

सकाळीच एक शिवी हासडली असती तर तो तिथेच थांबला असता. एक शिवी! जन्मभर फुकट वाटल्या, आणि आजच कंजूषपणा केला. तुळसाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण हात स्वतःवर कशाला उचलायचा? ज्याच्यावर उचलायचा तो तर शेजारीच बसला होता.

अंडं मुठीत धरून ती गडगा ओलांडून गेली. “अगो, काय झाला?” म्हणत ईडा मागून आली. तुळसाने मेल्रॉयच्या खोलीचं दार ढकललं. तो घामाने निथळत होता.

“काकी! आज गप कित्याक तू? माका अंदाजच येना नाय. कितको वाढवलंय, तरी तू...”

“बंद कर.”

त्याने बटण दाबलं. एकाएकी इतकं शांत झालं की तुळसाला स्वतःचा श्वास ऐकू आला.

“तुझो कान तयार मां?” तिने अंडं त्याच्या कानाला लावलं. “मगे ऐक.”

मेल्रॉयने डोळे मिटले. एवढासा आवाजही सुटू नये म्हणून त्याने श्वाससुद्धा धरला.

“काकी,” तो म्हणाला, “कायच ऐकाक येना नाय.”

“काल येय होता,” तुळसा म्हणाली.