पक्का टाका

"लिही, तुझ्या मम्मीचा एकही पीस कधी परत आला नाही," राजेंद्र शिलाई मशीनवरून म्हणाले. मुलीच्या लॅबच्या ॲप्रनचा उसवलेला खिसा ते शिवत होते. "शिलाई अशी सरळ, की शिलाई सोडून मी तिच्याकडेच बघायला लागलो."

"ह्यांना चेकिंग कळत होतं कुठे," नूतनबाई बटाटे सोलता सोलता म्हणाल्या. "काहीही पास करायचे."

लिहिता लिहिता प्रीती थांबली. आनंदनगरच्या कारखान्यात ती रसायनांचे नमुने तपासायची. दोन आकडे जुळले नाहीत तर सही करायची नाही. आईवडिलांची गोष्ट आज प्रेमकथा स्पर्धेला पाठवायची होती आणि अट होती, गोष्ट खरी हवी. उल्हासनगर कॅम्प दोनमधला जीन्सचा कारखाना, शिवणारी नूतन, माल तपासणारा राजेंद्र, इथपर्यंत दोघांचं जुळत होतं. पुढे नाही. मग गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची?

दोऱ्याचं रीळ संपलं. राजेंद्र चपला घालून खाली दुकानात गेले.

"मम्मी, खरं कोण बोलतंय?"

"कोणीच नाही." नूतनबाईंनी सुरी ठेवली. "मला तेव्हा चष्मा नव्हता. निळ्या कापडावर निळा दोरा, दिसायचाच नाही. खिसे वाकडे जायचे. पीस परत यायला लागले की शेठ घरी पाठवायचा. दोघींना तर माझ्यासमोर काढलं."

"आणि तुझे?"

"एकही परत आला नाही. मला वाटलं, जमतंय आपल्याला. मग एका शनिवारी गठ्ठे बांधायला बसवलं. बोटांनी चाचपून बघते तर माझ्याच बंडलातले खिसे एकदम सरळ. टोकाला मशीन मागेपुढे करून टाका पक्का करतात ना, तो मी दोनदा करायचे. इथे तीनदा. आख्ख्या कारखान्यात तीनदा करणारा एकच माणूस, तुझे पप्पा. जेवणाच्या सुट्टीत उसवून परत शिवत असणार."

प्रीतीने पेन उचललं. "हीच तर गोष्ट आहे. हीच लिहिते."

"नको गं. मला हे माहितीये, याचा त्यांना पत्ता नाही. तीस वर्षं सगळ्यांना सांगतायत, नूतनची शिलाई सरळ. माझ्या माहेरीसुद्धा. दरवेळी ऐकताना बरं वाटतं मला."

"म्हणून तू म्हणतेस, त्यांना चेकिंग कळत नव्हतं?"

"मग काय म्हणू? कळत होतं म्हटलं, तर मला सगळं माहितीये हे कळेल ना त्यांना."

जिन्यात चपला वाजल्या. प्रीतीने कोरा कागद पुढे ओढला.

राजेंद्र मशीनवर बसले, खिसा पुरा केला, दोरा तोडला. "लिहिलंस?"

"लिहिलं. तुमच्याच तोंडून."

"एकही पीस परत आला नाही, ते?"

"पहिलंच वाक्य आहे, पप्पा."

त्यांनी खूश होऊन ॲप्रन बायकोकडे दिला. "बघ, चेक कर."

नूतनबाईंनी पदराने चष्मा पुसून डोळ्यांवर लावला. खिशाच्या टोकावरून अंगठा फिरवला. एकावर एक, तीन टाके. अंगठा तिथेच थोडा वेळ राहिला.

"पास," त्या म्हणाल्या.