दीनामावशीचं सुतक

"इला, ऐक! दुबई-इस्रायल लाइन ओपन झाली यार. आता नंबर फिरवायचा आणि डायरेक्ट बोलायचं." तिचा नवरा केदार लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "ओह," तो पुटपुटला.

इला ओट्याशी भेंडी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. दोन देशांत समेट झाला, टीव्हीवर टाळ्या वाजल्या, आणि अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या एका अपार्टमेंटमध्ये भेंडी अर्धवट चिरलेली राहिली.

इतकी वर्षं ती लाइन इलाच होती. धाकटी दीनामावशी दुबईत, थोरली रिबकामावशी इस्रायलमधल्या दिमोनात. मधली बहीण म्हणजे इलाची आई. दुबईहून इस्रायलला फोन लागायचा नाही, म्हणून एकीचा निरोप अमेरिकेत यायचा आणि इथून दुसरीकडे जायचा. आईच्या मागे हे काम इलाकडे आलं. गुडघेदुखी, दीनाची नातवंडं, बिरड्यात गूळ किती घालायचा, सगळं ती चोख पोचवायची.

एका गोष्टीचा निरोप मात्र कधीच निघाला नाही. या बहिणी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. दीनानं अलिबागेत एका कोकणी मुसलमान मुलाशी लग्न केलं, तेव्हा रिबकानं सात दिवस जमिनीवर बसून जिवंत बहिणीचं सुतक धरलं होतं. पुढे निरोप सुरू झाले, तरी तो विषय दोघींनी टाळला. लाइनच नाही, करणार काय, असं दोघीही म्हणायच्या. देशांचं भांडण त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात रिबकामावशी झोपेतच गेली. तिला मूलबाळ नव्हतं. शेजाऱ्यांनी इलाला कळवलं. इलानं दुबईला फोन लावला. दीनामावशीची सून, शमीमभाभी, पहिल्याच वाक्यात म्हणाली, "रिबकाखालांचं हार्ट कसं आहे आता? अम्मी रोज आठवण काढतात."

"बरं आहे," इलाच्या तोंडून निघून गेलं. मग दर निरोपात रिबकामावशीला जिवंत ठेवणं आलं.

शरद ऋतूत दारफाळणीचा सण आला. त्या दिवशी बेने इस्रायली दारं लावून घेऊन उपास करतात आणि त्याआधी दुखावलेल्या माणसांची माफी मागतात. इलाला राहवलं नाही. तिनं दुबईला निरोप दिला, "रिबकामावशी म्हणते, तुझं सुतक धरलं ही माझी चूक झाली. मला माफ कर."

दोन-चार दिवसांनी उत्तर आलं. "अम्मी म्हणतात, मी केव्हाच माफ केलं. तिला म्हणावं, आता रडू नकोस."

इला बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. खोट्यानं का होईना, एक म्हातारी मोकळी झाली असं तिला वाटलं.

दीनामावशी आताशा स्वतः फोनवर येत नसे. पूर्वी ती सुनेच्या हातातून फोन हिसकावून घ्यायची, इलाला मूल नाही म्हणून तिला फैलावर घ्यायची. पण कान गेल्यापासून शमीमभाभीच निरोप घ्यायची आणि द्यायची. निरोपांतला तिखटपणाही गेला होता. वय झालं, असं इला म्हणायची.

एकदा मात्र इला चुकलीच. "रिबकामावशीनं शनिवारी सकाळी गरमगरम घावन केले," असं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. ज्यांच्या पूर्वजांनी शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणासुद्धा बंद ठेवला, त्या घरातल्या रिबकामावशीनं शनिवारी चूल पेटवणं शक्यच नव्हतं. दीनामावशीनं लग्नानंतर ते सगळं सोडलं असेल, पण विसरली थोडीच असेल? दुबईहून मात्र अवाक्षर आलं नाही. इलाचा जीव भांड्यात पडला.

"आता सांगून टाक," केदार म्हणाला. "ते लोक दिमोनाला कॉल करतील आणि भलतंच कुणीतरी उचलेल."

"ऐंशी ओलांडलीय रे तिनं. ऐकून काही झालं तर?"

"आणि बाहेरून कळलं तर?"

इलानं पुन्हा सुरी उचलली.

आठवडा गेला. दुबईहून फोन नाही, दिमोनाचा नंबर मागणारा मेसेज नाही. दर रविवारी येणारा निरोपसुद्धा आला नाही. इलाची खात्रीच पटली. त्यांनी परस्पर चौकशी केली होती, सगळं कळलं होतं, आणि आता तिचं तोंड पाहायची कोणाची इच्छा नव्हती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिचं लक्ष लागेना. शेवटी तिनंच फोन लावला.

"तुझ्याच फोनची वाट बघत होते," शमीमभाभी म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

"म्हणजे... कळलं तर."

"आज ना उद्या कळणारच ना, इला. आता लाइन उघडली. लपवून लपवणार किती?"

इलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भाभी, माझं चुकलं. रिबकामावशी गेल्या उन्हाळ्यातच गेली. मला सांगवलं नाही हो. आता दीनामावशीला जवळ बसवून, हात धरून, हळूहळू सांगा. माझ्यावर चिडली तर चिडू दे."



"गेल्या उन्हाळ्यात?" शमीमभाभीनं अगदी हळू विचारलं. "मग सणाला माफी मागितली, ती?"

"मी मागितली. तिच्या नावानं."

भाभी हसतेय की रडतेय तेच इलाला कळेना.

"अम्मी त्याच्या आदल्या हिवाळ्यातच गेल्या, इला," ती म्हणाली. "माफ मी केलं होतं."