सातवा सूर

कन्हानच्या सिंधूताईंच्या पत्राला मी एकतीस वर्षं उत्तर दिलं नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात त्या गात, मी सिंथेसायझर वाजवी. एका कार्यक्रमात लोकांनी त्यांना बेसूर ठरवलं आणि त्यांनी गाणं सोडलं. पत्रात एकच प्रश्न होता : 'भाऊ, मी खरंच बेसूर झाली होती काय?'

माझं वाद्य तापलं की सुरातून उतरायचं. त्या दिवशीही उतरलं असावं. पण माझा माझ्याच कानांवर भरवसा नव्हता.

काल दुपारी ते पुन्हा सुरू केलं. आवाज तसाच दाट, ऊबदार. त्यातून एका वेळी सहाच सूर निघतात; सातवी पट्टी दाबली की पहिला तुटतो. काल सातही वाजले.

वाद्य तापलं. सहा सूर हळूहळू घसरले. सातवा जागचा हलला नाही.

मी बोटं उचलली. तो एकटा उरला.

नात भूमिका दारात आली. "आबा, कोणती बाई गाऊन राहिली?"

"मशीन आहे."

"मशीन श्वास घेते काय?"

मी प्लग काढला. सूर थांबला नाही.

तो ऐकतच लिहिलं, 'ताई, तुम्ही सुरातच होतात. वाद्य उतरलं होतं.' चौकातल्या टपालपेटीत पत्र टाकलं, तेव्हा घरातून तो अजून स्वच्छ ऐकू येत होता.