साय धरलेला चहा

“बाबा, चहा घेणार?” उत्तर नाही. तृप्ती कप पुढ्यात ठेवून कॉम्प्युटरकडे वळली. ओझरच्या कारखान्यात विमानं जोडणारे बाबा अर्धांगवायूनंतर बोललेच नव्हते. संध्याकाळी साय धरलेला चहा ती मोरीत ओतायची. आई गेल्यापासून घरात फक्त कीबोर्डचा आवाज. काळ्या पडद्यावर कमांड देऊन ती चिपचं एकच सर्किट किंचित बदलत पुन्हापुन्हा चालवायची आणि त्यातलं गेट, म्हणजे सिग्नल घेऊन हो-नाही ठरवणारा भाग, उत्तर द्यायला किती वेळ लावतं ते मोजायची. आज कित्येक ओळींत आकड्याऐवजी ‘फेल’ आलं. तिने प्रोजेक्टच्या सरांना फोन केला. “अगं, गेट बंद नाही पडलं, उत्तर उशिरा येतंय. तू आधीच मोजणं थांबवतेस. वेळ वाढव.” वाढवला. फेलच्या जागी आकडे आले. ती बाबांसमोर येऊन बसली. “चहा घेणार?” पंखा फिरत राहिला. ती उठली नाही. बाबांचे ओठ हलले. “तू... बसलीस तर.”