पिंपाची घट

पिंपात बुडवलेली काठी साहेबानं वर काढली, तर ती वरून दीड वीत कोरडी निघाली.

बेळगावच्या कॅम्पातल्या त्याच्या दुकानात व्हिस्कीचं हे पिंप तीन वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून आलं होतं. एकाच भट्टीचा माल, कशाची मिसळ नाही. साहेब तो स्वतः बाटल्यांत भरून, वर आपल्या नावाची चिठ्ठी डकवून विकणार होता. आज पहिली चव घ्यायची होती. दोन पेले रिचवून झाल्यावर त्याला काठीची आठवण झाली, आणि त्यानं पिंपाचा राखणदार शामू याला समोर बोलावलं. शामूच्या घरात खाणारी सहा तोंडं आणि मिळवता हा एकटा.

"उन्हाळ्यानं आटली, साहेब," शामू म्हणाला. साहेबापुढं बोलताना तो नेहमी तोंडावर पटक्याचं टोक धरी. इतका रीतीचा माणूस अख्ख्या कॅम्पात नव्हता. "जोतिबाची आण, पाण्याचा थेंब बी घातला न्हाय."

चोर आधी पितो आणि मग पाणी ओतून भरतो, एवढं साहेबाला ठाऊक होतं. पण दोन पेल्यांनंतर त्याची जीभ ग्वाही देईना. नेमके त्याच वेळी निपाणीचे भूपाल अण्णा दुकानात तंबाखू पोचवायला आले होते. अण्णा जैन. दारू तर सोडाच, पाणीसुद्धा गाळल्याशिवाय पीत नसत. पण नाक असं, की तंबाखूची चिमूट चोळून हुंगली की वजनासाठी तिच्यावर पाणी कधी मारलंय तेही सांगत. साहेबानं त्यांनाच पंच केलं.

दारूला हात लावायचा नाही, म्हणून अण्णांनी दोन थेंब शामूच्या तळव्यावर टाकायला लावले. त्यालाच चोळायला सांगितलं. मग वाकून हुंगलं. एकदा शामूकडं पाहिलं आणि पुन्हा हुंगलं.

"पाणी न्हाय, साहेब. थेंबभर बी न्हाय."

"मग कमी कशी झाली?"

"माझ्या वखारीत तंबाखू तीन उन्हाळं पडली, तर मणामागं चार शेर घट येती. कुणी वढत न्हाय तिथं."

साहेबाला पटलं. पिंपातली दारू थोडी हवेत जाते, हे त्यानंही ऐकलं होतं. त्यानं शामूची पाठ थोपटली आणि तिसरा पेला भरला.

अण्णा गाडीकडं निघाले, तसा शामू मागून धावला आणि त्यांच्या पायावर पडला. पटका सुटला, त्याचं त्याला भान नव्हतं.

"अण्णा, देवावानी धावलासा! लेकरंबाळं दुवा देतील!"

अण्णा नाकाला उपरणं लावून दोन पावलं मागं सरले.

"उद्यापास्नं कोरडा ऱ्हा, लेका. साहेबानं पिंपाचा वास इचारलाता, तुझा न्हाय."