पहिला अंदाज
तिचा खोडरबर एका कडेने झिजून तिरका झाला होता. कागद मात्र कोराच होता. क्वांटम भौतिकी शिकवणाऱ्या बाईंनी खोडरबर उचलून पर्समध्ये टाकला. “अगं, हेलियमच्या अणूचं नेमकं उत्तर कुणालाच काढता येत नाही. आधी एक अंदाज मांडायचा, मग त्यातून येणारी ऊर्जा जमेल तितकी खाली आणायची; खरी ऊर्जा नेहमी तिच्या खालीच असते.” “अंदाज चुकला तर?” “चुकणारच. पण मांडलाच नाहीस, तर सुधारणार काय, कपाळ?” तिने बिचकत पहिली ओळ लिहिली. तासाभराने आलेला आकडा प्रयोगातल्या आकड्यापेक्षा थोडासाच वर होता. तेवढ्यात फोन वाजला. “आपल्या चष्म्याच्या दुकानात कधीपासून बसणार आहेस?” बाबांनी विचारलं. वर्षभर ती ‘बघू’ म्हणत आली होती. तिचा हात सवयीने खोडरबराकडे गेला. जागा रिकामी होती. “बाबा, जमेल की नाही ते माहीत नाही. पण मी दुकानात बसणार नाही. पुढे भौतिकशास्त्रच शिकणार.”